अकरा बिल्ले आणि नाल्यावरचा पूल

लेथ चालू असला की खाली लोखंडाचा चुरा पडत राहतो. मुद्दाम कोणी पाडत नाही. संध्याकाळी झाडायला गेले की कळते, ढीग झाला. कारखान्यातल्या गोष्टींचेही तसेच. मी पस्तीस वर्षे जबलपूरच्या फौजी सामानाच्या सरकारी कारखान्यात लेथवर होतो. आता आम्ही चार म्हातारे रोज सकाळी वस्तीतल्या चहाच्या टपरीवर बसतो आणि तो ढीग उपसतो. बाकीचे तिघे सांगताना वाढवतात. मी वाढवत नाही. माझे शिक्षण चौथी. वाढवायला जास्त शिकावे लागते.

या सगळ्या गोष्टी एकाच निवडणुकीच्या आहेत. चीनची लढाई होऊन गेली होती, पाकिस्तानची यायची होती. कारखाना तीन पाळ्यांत चालत होता. अशा वेळी आमच्या वॉर्डात नगरपालिकेची निवडणूक लागली.

आमची वस्ती नाल्याच्या एका बाजूला. कारखाना, बाजार, दवाखाना, सगळे दुसऱ्या बाजूला. मध्ये नाला आणि नाल्यावर एक फळी. फळीवरून एका वेळी एक माणूस जाई, तोही सायकल खांद्यावर घेऊन. उन्हाळ्यात खाली गुडघाभर काळा चिखल, पावसाळ्यात छातीभर पाणी. पूल मागायला गेले की नगरपालिका म्हणे, नाला कारखान्याचा. कारखाना म्हणे, नाला नगरपालिकेचा. नाला दोघांनाही जुमानत नव्हता.

* * *

लोहारखान्यातले दाजी मिस्त्री नुकतेच रिटायर झाले होते. अंगाने दांडगे, बोलायला कंजूष. भट्टीपुढे बसून डोळे अधू झालेले, पण कान असा की हातोडीच्या आवाजावरून लोखंडातली चीर सांगत. ते निवडणुकीला उभे राहतील असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

कारण त्यांच्या सुनेचे होते. मुलगा फौजेत, सीमेवर. सून कमल इथे सासूसासऱ्यांजवळ. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात तिला कळा सुरू झाल्या. फळी वाहून गेली होती. आम्ही सहा जणांनी तिला खाटेवर घेतले आणि पाण्यात उतरलो. दवाखाना समोर दिसत होता. मुलगी नाल्याच्या मधोमध खाटेवरच झाली. मी खाटेचा पुढचा उजवा पाय धरला होता. मागे वळून पाहिले नाही.

पोर धडधाकट निघाली. दाजींनी तिचे नाव नर्मदा ठेवले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, "अहो, नाल्यात झाली ती."

"पाणी ते पाणी," दाजी म्हणाले.

यंदा कमलला पुन्हा दिवस गेले होते. नेमका आषाढाचा सुमार. दाजींनी एक दिवस टपरीवर चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "मी उभा राहतो. आषाढाच्या आत पूल पाहिजे. या वेळचं नातवंड कोरड्यात होईल."

"आणि हरले तर?" गणपतने विचारले. गणपत वेल्डर. आमच्यात सर्वांत मोठा आवाज त्याचा.

"तर तू खाटेचा पाय धर," दाजी म्हणाले.

* * *

उमेदवार म्हटला की पत्रक हवे. दाजींना पत्रक म्हणजे काय ते माहीत नव्हते. कारखान्यात कोणतेही काम ड्रॉइंगशिवाय सुरू होत नाही, एवढे माहीत होते. ते एका रिटायर नक्शानवीसाकडे गेले आणि पुलाचे पक्के ड्रॉइंग काढून घेतले. वरून कसा दिसेल, बाजूने कसा दिसेल, गर्डर किती जाड, रिव्हेट कुठे, किती अंतरावर. कमानिया गेटजवळच्या दुकानात त्याच्या निळ्या प्रती काढल्या आणि घरोघर वाटल्या.

त्यावर उमेदवाराचे नाव नव्हते. "मत द्या" असेही नव्हते. आम्ही ही चूक दाखवली.

"नाव काहून पाहिजे?" दाजी म्हणाले. "पूल मी आहे का?"

लोकांनी कौतुकाने प्रती भिंतीवर लावल्या. निम्म्यांनी उलट्या लावल्या. टपरीवाल्यानेही उलटीच लावली आणि सुलटी करायला कोणाला सवड झाली नाही. ही उलटी प्रत लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

* * *

दाजींना निशाणी मिळाली छत्री. समोर उभे होते गुलाबचंद शेठ, लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांना मिळाली घागर. तेव्हा आमच्याकडे जुनी पद्धत होती. उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली. पडद्याआड जायचे आणि मिळालेला कागद आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायचा. शिक्का नाही, खूण नाही.

आता अडचण अशी की आम्ही सरकारी नोकर. सरकारी नोकराला प्रचार करता येत नाही. घोषणा दिली तर नोकरी जाते. गणपतसारख्या माणसाला गप्प राहून प्रचार करायचा म्हणजे शिक्षाच.

त्यानेच तोड काढली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला आम्ही चाळीस जण सायकलींवर निघालो. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात उघडी काळी छत्री. तोंडातून शब्द नाही. फाटकापर्यंत रांग.

फाटकावरच्या दरबान-सुभेदाराने आम्हाला अडवले. "ये क्या जुलूस है?"

"जुलूस नाही जी," गणपत म्हणाला, "ऊन आहे."

"सवेरे साढे सात बजे?"

"येऊन राहिलं ना."

सुभेदाराने नियमाचे पुस्तक काढले. त्यात छत्रीवर काही लिहिलेले नव्हते. मतदानापर्यंत रोज चाळीस छत्र्या गेल्या.

* * *

शेठ वाईट माणूस नव्हते. फक्त ते बोलायला लागले की थांबत नसत आणि द्यायला लागले की तेही थांबत नसत. त्यांनी वस्तीत घरटी एक पितळी घागर वाटली. आम्ही ठरवले, घ्यायची नाही. वहिनींनी दोन घेतल्या.

"तू उमेदवाराची बायको आहेस," दाजी म्हणाले.

"आणि पाणी कोण भरून राहिलं? उमेदवार?"

त्या दिवसापासून वस्तीतल्या बाया शेठच्या घागरी डोक्यावर आणि आमच्या छत्र्या हातात घेऊन विहिरीवर जाऊ लागल्या. शेठची माणसे बघत, आमची माणसे बघत. कोण कोणाचे, काही कळेना.

शेठने एकही घर सोडायचे नाही असे ठरवले होते. त्यामुळे एक दिवस ते दाजींच्याही घरी मत मागायला आले. हात जोडून, पाच माणसे घेऊन. वहिनींनी चहा केला. शेठने चहा घेतला, छोट्या नर्मदेच्या हातावर बत्तासे ठेवले आणि म्हणाले, "मिस्त्रीजी, अबकी बार हमारा ध्यान रखिए."

दाजींनी त्यांचा रिकामा कप उचलला. मग म्हणाले, "सोचेंगे."

शेठ खूश होऊन गेले.

* * *

मतदानाच्या आधी शाळेच्या पटांगणात दोन्ही उमेदवारांची एकच सभा झाली. शेठ आधी बोलले. आधी नर्मदामाई, मग देश, मग चीन, मग त्यांचे आजोबा पाटनहून पायी कसे आले. दीड तास झाला. पूल आला नाही. दुसऱ्या पाळीची माणसे चुळबुळ करू लागली. भोंग्याची वेळ होत आली होती आणि फळीवरून एकेकट्याने जायचे होते.

मग दाजी उठले. टोपी नीट केली.

"नाला तिथं आहे," ते म्हणाले. बोटाने दाखवला. "पूल नाही. तुम्हाला भोंगा आहे. जा."

आणि बसले.

टाळ्या वाजवत लोक पळाले. शेठ माझ्या शेजारी उभे होते. मला म्हणाले, "भैया, इनका भाषण किसने लिखा है?"

* * *

आता मतदानाचा दिवस.

त्यासाठी आमचा बिल्ला सांगायला हवा. कारखान्यात प्रत्येकाला एक पितळी बिल्ला असे. रुपयाएवढा, त्यावर नंबर. सकाळी फाटकावर आपल्या शॉपची, म्हणजे खात्याची, लोखंडी पेटी असे, तिच्या फटीत बिल्ला टाकायचा. टाकला की माणूस हजर. बिल्ला हरवणे हा मोठा गुन्हा. म्हणून जुनी माणसे घरून निघतानाच बिल्ला मुठीत धरत आणि ती मूठ थेट पेटीपाशी उघडत. वाटेत कोणी हात मिळवायला आला तर डावा देत.

मतदान सकाळी सातला शाळेत सुरू झाले. लढाईच्या कामामुळे कारखान्याला सुटी नव्हती. मी सातलाच मत दिले आणि वेळेवर फाटकावर पोचलो. बाकीचेही बरेच पोचले. साडेसातला पहिला भोंगा झाला तेव्हा रांगेत आमचे अकरा जण उरले होते. दुसरा भोंगा आठला. त्याला फाटक बंद. मध्ये नाला, आणि नाल्यावर ती फळी.

अकरा जण घाईला आले. एकामागून एक पडद्याआड शिरले. उजव्या हाताच्या मुठीत बिल्ला, डाव्या हातात मताचा कागद. आत अंधार. समोर लोखंडी पेट्या, वर फट. वीस वर्षांची सवय. हवी ती पेटी दिसली, फट दिसली, उजवी मूठ उघडली. बिल्ला आत.

तिथून पळत फळी, फळीवरून पळत फाटक. तिथे पुन्हा लोखंडी पेटी, पुन्हा फट. हातात जे होते ते टाकले. मताचा कागद आत.

आठला फाटक बंद झाले. टाइमकीपर मुखर्जीबाबूंनी पेट्या उघडल्या. मुखर्जीबाबू म्हणजे नियम. घरी जेवतानाही घड्याळ ताटाशेजारी ठेवत. त्यांनी बिल्ले मोजले आणि अकरा कागद बाजूला काढले. मग शांतपणे अकरा नंबरांपुढे गैरहजर लिहिले.

आमचा फोरमन धावत गेला. "बाबू, ग्यारह आदमी मशीन पर खडे हैं. काम कर रहे हैं."

"टोकन नहीं, तो आदमी नहीं," मुखर्जीबाबू म्हणाले.

"आप चलकर देख लीजिए."

"जो है ही नहीं, उसको क्या देखना."

दिवसभर अकरा माणसे नसताना अकरा मशीन चालल्या. त्या दिवशी त्यांचे काम नेहमीपेक्षा जास्त निघाले, कारण बोलायचे कोणाशी हा प्रश्न होता.

दुपारी मुखर्जीबाबूंनी ते अकरा कागद लिफाफ्यात घालून, वर लाख लावून, शाळेत पाठवले. सोबत चिठ्ठी: ही वस्तू आमच्या खात्याची नाही.

* * *

मोजणी त्याच संध्याकाळी झाली. जवळच्या पाटनहून एक तरुण तहसीलदार निवडणूक अधिकारी म्हणून आला होता. मी एजंट नव्हतो, सरकारी नोकराला तसे बसता येत नाही. मी दाजींचा चष्मा धरायला गेलो होतो.

पहिली पेटी शेठची. उलटी केली. कागदांबरोबर टेबलावर चार पितळी बिल्ले खणखणत पडले.

शेठ दोन्ही हात जोडून म्हणाले, "अरे, चंदा किसने डाल दिया?"

मग दाजींची पेटी. सात बिल्ले.

तहसीलदाराने आयुष्यात असे पाहिले नव्हते. "ये क्या है?"

दाजी म्हणाले, "आदमी हैं."

तहसीलदाराने कायद्याचे पुस्तक पाहिले. बिल्ला म्हणजे मत नव्हे. बाहेर गेलेला कागद म्हणजेही मत नव्हे. बाकीची मते मोजली. शेठ दोन मतांनी जिंकले.

आता तुम्हीच बघा. सात माणसे आमची, चार त्यांची. अकरांनी बिल्ल्याऐवजी कागद टाकला असता तर दाजी एका मताने निवडून आले असते. ऐन वेळी भोंगा झाला आणि पूल हातातून गेला. घरी कमलचा सातवा महिना होता.

कायद्याप्रमाणे पेटीत सापडलेल्या वस्तूंची यादी करावी लागते. तहसीलदाराने कोणत्या पेटीत कोणते नंबर ते लिहिले आणि दोन्ही उमेदवारांना एकेक नक्कल दिली. शेठला नंबर म्हणजे नंबर. त्यांनी कागदात पान बांधले. आम्हाला नंबर म्हणजे माणूस. घागरीत पडलेले चारही नंबर आमच्याच चाळीस छत्र्यांमधले होते.

दाजींना दिसत नव्हते म्हणून ती यादी मी वाचली. मनात वाचली. दाजी म्हणाले, "मोठ्यानं वाचू नको." मग घडी करून खिशात ठेवली. ते नंबर मी आजपर्यंत कोणाला सांगितले नाहीत. इथेही सांगणार नाही.

* * *

लढाईच्या तयारीच्या काळात एका दिवशी अकरा जण गैरहजर म्हणजे थट्टा नव्हे. कागद वर गेला. कारखान्याचे मेजरसाहेब चिडून खाली आले. अकरा जणांना ओळीने उभे केले.

"तुम लोग दौडे क्यों? वोट आराम से नहीं डाल सकते थे?"

त्या अकरांतला गणपत एक पाऊल पुढे आला. "साहब, नाले पर एक ही पटिया है. एक बार में एक आदमी. पहले भोंपू पे नहीं भागे तो दूसरे पे फाटक बंद."

"पटिया? मेरा काम एक पटिये पे चल रहा है?"

साहेबाने जीप काढली. पाहतोच म्हणाला. आम्ही मागे चालत. नाल्याच्या काठावर ड्रायव्हरला वरून चिखल कोरडा दिसला. साहेब "रुको" म्हणेपर्यंत पुढची चाके आत. मग मागची. जीप हळूहळू बसत गेली, म्हैस बसते तशी. साहेब आत ताठ बसून होता. चिखल बुटापर्यंत आला तेव्हा उठला.

त्या अकरा जणांनीच जीप ओढून काढली. साहेब फळीवरून वस्तीत आला, टपरीच्या बाकावर बसला आणि बूट काढले. समोर भिंतीवर ती उलटी निळी प्रत. साहेब मान वाकडी करून बघू लागला. मग उठला, खिळा काढला आणि कागद सुलटा धरला.

"ये पुल किसने बनाया?"

"अभी बना नहीं है, साहब," टपरीवाला म्हणाला. "ये चुनाव का परचा है."

"कौन जीता?"

"घागर."

"और ये किसका है?"

"छत्री का. हार गए."

साहेबाने ते ड्रॉइंग अर्धा तास पाहिले. एक माप खोडून दुसरे लिहिले. नंतर कळले, त्याने खोडलेलेच बरोबर होते. दाजींनी पुन्हा खोडून आपले लिहिले आणि साहेबाने ते मान्य केले. कारखान्याच्या आवारात पडलेले जुने गर्डर निघाले. नाला कोणाचा हा प्रश्न निघाला तेव्हा साहेब म्हणाला, "जिसकी जीप डूबी, उसका."

पलीकडची जमीन नगरपालिकेची, म्हणून मेंबरची सही लागत होती. शेठने मेंबर झाल्यावर पहिली सही त्याच कागदावर केली. न वाचता केली, पण केली. वस्तीत काही लोक अजून म्हणतात, पूल शेठने आणला. म्हणू देत.

* * *

पाया खोदायचे काम सुरू झाले. आम्ही पाळी संपली की तिथेच. पण चाळीस जणांत एक अवघडलेपण आले होते. दाजींच्या खिशात ती यादी आहे हे सगळ्यांना माहीत होते. जो तो आपणहून सांगू लागला, आपला कागद कसा बरोबर छत्रीतच पडला. ज्यांचे बिल्ले पेटीत सापडलेच नव्हते तेही सांगू लागले.

गणपतने तर हद्द केली. एका रविवारी ग्वारीघाटावर गेला, नर्मदेत कमरेभर पाण्यात उभा राहिला आणि हातात पाणी घेऊन शपथ घेतली, की माझा बिल्ला घागरीत नव्हता. आल्यावर आम्हाला सांगितले.

"तुला कोणी विचारलं होतं का?" मी म्हणालो.

"नाही."

"मग काहून गेला?"

"कोणी विचारून नाही राहिलं, म्हणूनच तर."

दुसऱ्या दिवशी पायाच्या खड्ड्यात काँक्रीट ओतत होते. सगळे जमले होते. दाजी पुढे झाले. खिशातून ती घडी काढली, एकदा चष्म्याजवळ धरली, आणि खाली ओल्या काँक्रीटमध्ये सोडली. वरून घमेले रिकामे केले.

"चला," म्हणाले, "आता तरी काम करा."

त्या दिवशी चार माणसांनी दुप्पट घमेली उचलली. चाळिसांनीच उचलली म्हणा ना. त्यामुळे कोण ते कळले नाही.

* * *

पूल आषाढ लागता लागता उभा राहिला. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी भुरभुर चालू होती. खाली नाला दोन्ही काठ धरून वाहत होता. पुलाच्या मध्यावर लाल फीत बांधलेली. शेठ बंद गळ्याचा कोट घालून, हातात ताट, ताटात कात्री. मेजरसाहेब शेजारी. आम्ही चाळीस जण छत्र्या घेऊन दोन्ही बाजूंना. शेठचे भाषण सुरू झाले होते. चीनपर्यंत आले होते.

दाजी पहाटेपासून हातोडी घेऊन पुलावर होते. एकेक रिव्हेट ठोकायचा, कान लावायचा, पुढे सरकायचे. कारखान्यात कोणतीही वस्तू तपासणीशिवाय पुढे जात नाही. दवाखान्याकडच्या टोकापासून सुरू केले होते, वस्तीकडचे थोडे राहिले होते.

एवढ्यात वस्तीकडून टांगा आला. आत कमल, वहिनी आणि दाई. टांगा पुलावर चढला आणि दाजींनी घोड्याचा लगाम धरला.

"थांबा. आठ रिव्हेट बाकी आहेत."

"अहो, पोर थांबणार आहे का तुमच्या रिव्हेटसाठी?" वहिनी ओरडल्या.

"पास झाल्याशिवाय कोणी जाणार नाही. सून असली म्हणून काय झालं."

शेठने भाषण थांबवले. त्यांचे भाषण थांबलेले आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ते टांग्यापाशी आले. "मिस्त्रीजी, जाने दीजिए. बहू है."

"शेठजी," दाजी म्हणाले, "पिछली बार पानी में हुआ. इस बार बीच में पुल ही गया, तो?"

आणि वाकून ठोकू लागले. एक. दोन. तीन. चौथ्याला थांबले. पुन्हा ठोकला, पुन्हा कान लावला. मेजरसाहेबही वाकून कान लावू लागला. पाचवा. आतून कमलची किंकाळी आली.

"टांगा हलून राहिला," दाई म्हणाली. "खाली घ्या तिला. इथंच. वेळ नाही."

वहिनींनी आपल्या लुगड्याची घडी पुलावर अंथरली. कोणी सांगितले नाही, पण आम्ही चाळीस जण पाठ करून गोल उभे राहिलो आणि छत्र्या उघडल्या. काळ्या छत्र्यांची खोली झाली. वस्तीतल्या बाया पाणी घेऊन धावल्या, शेठच्याच घागरींतून. टपरीवाला चहाचे आधण तसेच घेऊन आला. बाहेर फक्त हातोडी ऐकू येत होती. सहा. सात.

आठवा रिव्हेट वाजला आणि मूल रडले.

दाजी सरळ झाले. हातोडी कमरेला लावली. छत्र्यांकडे पाहून म्हणाले, "म्हटलं होतं. कोरड्यात होईल."

आतून दाई म्हणाली, "कात्री. पिशवी घरीच राहिली. कात्री कोणाजवळ आहे?"

चाळीस माना एकदम शेठकडे वळल्या. शेठने ताटाकडे पाहिले, फितीकडे पाहिले आणि कात्री पुढे केली. टपरीवाल्याने ती आधणात बुडवली आणि छत्र्यांखालून आत सरकवली.

थोड्या वेळाने आतले काम आटोपले. मेजरसाहेबाने घड्याळ पाहिले. फीत तशीच बांधलेली. शेठ छत्र्यांजवळ गेले, खाकरले आणि हळूच म्हणाले, "भाभीजी, वो कैंची..."

आतून वहिनींचा आवाज आला. "अब काहे को, शेठजी? पुल तो चालू हो गया."